दिवस भरल्यावर : घरगुती उपाय आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला आरोग्यावर बोलावयास सांगितले. विषय आमच्यावरच सोपविला. आमचे बरेचसे आयुष्य प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून गेले, तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले त्याविषयीच बोलावे असे ठरविले. विषय साधा आहे, परंतु घराघरातला आहे. बाईचे दिवस भरत आले, कळा काही येत नाहीत. अशा वेळी कळा याव्यात म्हणून घरात जे जे उपाय केले जातात, ते कितपत निर्धोक आहेत?

आपणा सर्वांना ठाऊक आहे की महामाया बाळंतपणासाठी माहेरी, देवदहाला निघाली होती. वाटेत लुंबिनी वनात ती प्रसूत झाली आणि पुढे सात दिवसांत तिचा अंत झाला. सिद्धार्थाला वाढविले ते महाप्रजापती गौतमीने. ही कथा आपण दर वैशाख पौर्णिमेला ऐकतो, परंतु त्यातील आईच्या मृत्यूपाशी आपण क्षणभरही थांबत नाही. राजघराण्यातील स्त्री, सोबत दासदासी, सर्व सुखसोयी. तरीही बाळंतपण वाटेत आले आणि आई गेली. बाळंतपणाची घटका कोणाच्या हाती नसते आणि त्या घटकेला आईचा जीव धोक्यात असतो, या दोन गोष्टी अडीच हजार वर्षांपूर्वी खऱ्या होत्या, आजही खऱ्या आहेत. फरक एवढाच की आज त्या धोक्यावर पुष्कळसा इलाज आहे. २०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे आपल्या देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. पूर्वीच्या मानाने हा आकडा खूप खाली आला आहे. पण ज्या घरातली आई जाते, त्या घराला आकड्याचे काय?

आता एक प्रसंग सांगतो. नावगाव सांगणार नाही.

एक मुलगी पहिल्या खेपेला माहेरी आली होती. आईने बोटांवर दिवस मोजले होते. तिच्या हिशेबाने नऊ महिने नऊ दिवस उलटून दोन दिवस झाले होते. शेजारच्या बायका विचारू लागल्या, "अजून नाही का?" सासरहून निरोप येऊ लागले. आईच्या मनात भीती की आता दवाखान्यात नेले तर पोट फाडतील. कोणीतरी सांगितले, एरंडेल द्या, सकाळपर्यंत मोकळी होईल. आईने रात्री चहात एरंडेल घालून दिले; एकदा दिले, काही झाले नाही म्हणून पुन्हा दिले. पहाटेपर्यंत मुलीला दहा-बारा जुलाब झाले. ओकाऱ्या झाल्या. डोळे खोल गेले. कळा आल्या, पण अशा आल्या की एक संपायच्या आत दुसरी. पाणी गेले ते हिरवट होते.

आमच्याकडे आणली तेव्हा आम्ही विचारले, काही खाल्ले-प्यायले का? आई म्हणाली, काही नाही. डॉक्टरांना वाटले, अन्नातून विषबाधा झाली असावी. त्या शोधात मोलाचा वेळ गेला. बाळाचे ठोके मंद होऊ लागले तेव्हा घाईने शस्त्रक्रिया करावी लागली. ज्या शस्त्रक्रियेच्या भीतीने तेल पाजले, तीच शस्त्रक्रिया त्या तेलापायी नशिबी आली. बाळ काही दिवस काचेच्या पेटीत होते. सुदैवाने दोघेही वाचले. नंतर पहिल्या महिन्यांतली सोनोग्राफी पाहिली, तेव्हा कळले की मुलीला अडतिसावा आठवडा चालू होता. दिवस भरलेलेच नव्हते! आईचा हिशेब चुकला होता.

मग त्या आईने आम्हाला खरे सांगितले. आम्ही विचारले, "मावशी, आल्या आल्या का नाही सांगितले?" ती म्हणाली, "बाई, तुम्ही रागावला असता."

तिचे म्हणणे खरे होते. आम्ही रागावलो असतो. त्याआधी कित्येकींना आम्ही तसे बोललोही होतो. अडाणी म्हटले होते. तेव्हा त्या रात्रीचा दोष एकट्या त्या आईच्या पदरात टाकण्याचा आम्हाला अधिकार नाही. तिने जे केले ते मायेपोटी केले. आमच्या तोंडच्या कठोर शब्दांनी तिचे तोंड बंद झाले होते. आज येथे उभे राहून बोलतो आहोत ते तो प्रसंग विसरता आला नाही म्हणून.

आता विषयाची नीट उकल करू.

प्रथम दिवसांचा हिशेब. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, असा गरोदरपणाचा काळ धरतात. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत. पाळी १ जानेवारीला आली असेल तर तारीख ८ ऑक्टोबर येते. आपल्या आजीचे 'नऊ महिने नऊ दिवस' याच्या अगदी जवळचे आहे, हे येथे आनंदाने नमूद करावेसे वाटते. परंतु ही तारीख म्हणजे आगगाडीचे वेळापत्रक नव्हे. बरोबर त्याच दिवशी प्रसूत होणाऱ्या स्त्रिया शंभरात चार-पाचच. पहिलटकरीण तर पुष्कळदा तारीख ओलांडते. पाळी अनियमित असेल, तारीख आठवत नसेल, तर हिशेब आणखी चुकतो. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून तारीख सर्वांत भरवशाची मिळते. शेवटच्या महिन्यातील सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो.

सदतीस-अडतीस आठवड्यांचे बाळ 'तयार' झाले असे आपण समजतो. वास्तविक शेवटच्या त्या दोन-तीन आठवड्यांत त्याची फुफ्फुसे आणि मेंदू पक्व होत असतात, अंगावर चरबी धरत असते. कारण नसताना त्याला आधी बाहेर ओढले तर श्वासाचा त्रास, कावीळ, दूध ओढता न येणे अशी दुखणी वाढतात. मग ते चांगल्या नक्षत्रासाठी असो, नाहीतर कोणाच्या रजेच्या सोयीसाठी असो. मुहूर्त पाहणे आपण धम्म स्वीकारला त्या दिवशीच सोडले, असे आपण म्हणतो. बाळंतपणातही ते सुटले पाहिजे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. ४१ आठवडे पूर्ण झाल्यानंतर वार हळूहळू थकू लागते, गर्भजल कमी होऊ शकते, आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढत जातो. म्हणून ४१ आठवडे पूर्ण झाले की रुग्णालयात कळा सुरू करून द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तारीख उलटली की घरी उपाय करीत बसू नये आणि नुसते बसूनही राहू नये, तपासणीला जावे.

आता कळांविषयी. कळ येते तेव्हा गर्भाशय आवळते आणि वारेकडे जाणारे रक्त तेवढ्यापुरते कमी होते. जणू बाळ त्या वेळी श्वास रोखून धरते. दोन कळांच्या मधल्या विसाव्यात त्याला पुन्हा प्राणवायू मिळतो. हा विसावा म्हणजे बाळाचा जीव. दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येऊ लागल्या तर रुग्णालयात त्या जास्त समजतात. सलाईनमधून कळांचे औषध चालू असेल तर ते ताबडतोब कमी किंवा बंद करतात. बाळाचे ठोके सतत पाहतात, गरज पडली तर शस्त्रक्रियेची तयारी जवळच असते. घरगुती उपायात नेमके हेच नसते. सलाईनची चावी बंद करता येते. पोटात गेलेला घोट परत काढता येत नाही. इतर सर्व विसरलात तरी चालेल, एवढे वाक्य घरी घेऊन जा.

या कसोटीवर आपले नेहमीचे उपाय तपासून पाहू.

एरंडेल तेल. त्याचा परिणाम अगदीच होत नाही असे नव्हे. २०१२ साली जर्मनीतील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की एरंडेलातील एक आम्ल आतड्याला आणि गर्भाशयाला एकाच प्रकारे डिवचते. पण तो परिणाम किती होईल, केव्हा होईल, हे कोणाला सांगता येत नाही. एकीला नुसते जुलाब होतात, दुसरीला न थांबणाऱ्या कळा येतात. स्त्रियांवरील तीन चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१३ साली निघाला. त्यात २३३ स्त्रिया होत्या. तेल घेणाऱ्या सर्वांना मळमळ झाली. ते निर्धोक व उपयोगी आहे असे ठरविण्याइतका पुरावा मात्र मिळाला नाही. जुलाबांनी अंगातले पाणी जाते आणि बाळंतपणाला लागणारी ताकद आधीच संपते. म्हणून एरंडेल घरी कोणीही देऊ नये.

कळलावी. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले येणारी ही वेल आपल्या परिचयाची आहे. कळा आणते म्हणून कळलावी, असे तिचे नाव. कंद उगाळून बेंबीवर, तळपायाला लावण्याची चाल जुनी आहे. काही ठिकाणी तो पोटातही देतात. हा कंद जहाल विषारी आहे. त्यात कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. पोटात गेल्यास काही तासांत उलट्या-जुलाब, पुढे रक्तपेशी घटणे, मूत्रपिंडे व इतर अवयव निकामी होणे, अशा क्रमाने माणूस दगावतो. नावावरून गुण सिद्ध होत नाही. त्या वेलीला हातही लावू नका.

काढे. सुंठ, मिरे, ओवा आपण स्वयंपाकात वापरतो त्या प्रमाणात त्रासदायक नाहीत. परंतु 'कळांचा काढा' म्हणून कोणी पुडी दिली, तर तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही. झाडपाल्याचे असले म्हणजे निर्धोक, ही समजूत चुकीची आहे. कळलावी हासुद्धा झाडपालाच आहे.

पपई. पिकलेल्या पपईबद्दल भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आवळते, असे उंदरांवरील प्रयोगात आढळले आहे. म्हणून गरोदरपणात कच्ची पपई टाळावी आणि कळा आणण्यासाठी तर मुळीच खाऊ नये.

दुधातून तूप. वाट बुळबुळीत होऊन बाळ सुलभ सरकते, असे सांगतात. तूप पोटात जाते, आतड्यात पचते. गर्भाशयाशी त्या मार्गाचा संबंध नाही. चमचाभर तुपाने अपाय नाही, पण वाटीवाटीने पाजून वजन वाढविण्यात अर्थ नाही.

खजूर. २०११ साली जॉर्डनमधील एका अभ्यासात शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ आणि न खाणाऱ्या ४५ स्त्रियांची तुलना झाली. खाणाऱ्यांपैकी ९६ टक्के स्त्रियांना आपोआप कळा आल्या, न खाणाऱ्यांपैकी ७९ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावरून ठाम निष्कर्ष काढू नये. पण खजूर हे अन्न आहे. मधुमेह नसेल तर खाण्यास हरकत नाही.

चालणे. झेपेल तेवढे चालावे. अंग मोकळे राहते, मन प्रसन्न राहते. परंतु कळा याव्यात म्हणून भरल्या दिवसांच्या बाईकडून उकिडवे बसवून फरशा पुसून घेणे, खड्ड्यांच्या रस्त्याने रिक्षातून फिरवून आणणे, हा उपाय नव्हे, छळ आहे.

पोट चोळणे व दाबणे. दाईने वरून जोर देऊन बाळ खाली ढकलावयाचे, याने वार सुटू शकते, गर्भाशय फाटू शकते. हे कधीही होऊ देऊ नका.

शेवटचा आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे घरी दिले जाणारे कळांचे इंजेक्शन आणि दुकानातून आणलेल्या गोळ्या. याला कोणी घरगुती म्हणणार नाही, पण हे घडते घरातच. पदवी नसलेला माणूस येतो, दंडात सुई टोचतो, पैसे घेतो आणि निघून जातो. हीच औषधे रुग्णालयात थेंबाथेंबाने, मोजून, ठोके ऐकत देतात. घरी एकदम दिलेल्या मात्रेने गर्भाशय फाटून आई आणि बाळ दोघेही जाऊ शकतात. आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले असेल तर जुना व्रण उसवण्याचे भय अधिक. अशा भगिनींनी, तसेच जुळे असलेल्या, बाळ आडवे किंवा पायाळू असलेल्या, वार खाली असलेल्या, रक्तदाब वाढलेल्या भगिनींनी तर कळा आणण्याचा कोणताही उपाय घरी करू नये.

मित्रहो, आपण कालामांना केलेला उपदेश वारंवार सांगतो. केसपुत्त गावच्या लोकांना तथागतांनी सांगितले की, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा थोर आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या, हिताचे असेल तर घ्या, अहिताचे असेल तर टाका. ही कसोटी आपण दुसऱ्यांच्या देवधर्माला लावतो. ती आपल्या घरातल्या एरंडेलाच्या बाटलीलाही लावली पाहिजे. आणि न्याय दोन्ही बाजूंनी हवा. डॉक्टरांनी कळा सुरू करण्याचे किंवा शस्त्रक्रियेचे सांगितले, तर त्यांनाही नम्रपणे विचारावे : कारण काय? कितवा आठवडा? थांबलो तर काय होईल? प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

याचा अर्थ सासूचा, आईचा, आजीचा अपमान करावा असा नव्हे. त्यांच्या काळी दवाखाना कोसांवर होता आणि असला तरी आपल्याला दारात उभे करीत नव्हते. हाताशी जे होते त्यावर त्यांनी आपल्याला जन्माला घातले. सुनेने म्हणावे, "आत्याबाई, तुमचं खरं असेल, पण एकदा आशाताईंना विचारून घेऊ." एवढ्याने काम होते.

अंगुलिमालाची कथा आपण हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून सांगतो. पाली सुत्तात पुढे एक प्रसंग आहे. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला असता त्याला अडलेली बाळंतीण दिसली आणि त्याचे मन कळवळले. ज्याने माणसे मारली, त्याला एका अनोळखी आईच्या वेदना दिसू लागल्या. श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथे आजही गरोदर स्त्रियांसाठी त्याच्या नावाचे परित्त म्हणतात. आपणही म्हणावे, त्याने मनाला धीर येतो. पण परित्त म्हणत असतानाच गाडी बोलवावी. करुणा म्हणजे नुसते कळवळणे नव्हे. वेळेवर हालचाल करणे हीदेखील करुणाच होय.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. आईचे बाळंतपण हा घरच्या कोपऱ्यातला विषय नसून समाजाच्या जबाबदारीचा विषय आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखले. मग आपण आपली जबाबदारी कशी ओळखावी?

हक्काच्या गोष्टी आधी माहीत करून घ्याव्यात. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रियासुद्धा, विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहनही. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होते. वाहनासाठी १०२ आणि १०८ हे क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावेत.

पुढील खुणा दिसल्या तर रात्र असो, पाऊस असो, थांबू नये : बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणे, अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, विशेषतः हिरवट, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, ताप, झटके. हालचालीची शंका आल्यास डाव्या कुशीवर निजून मोजावे. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर तडक रुग्णालय गाठावे. आणि घरी काही घेतले असेल, तेल असो की पुडी, ते पहिल्याच वाक्यात सांगावे. कोणी रागावले तरी सांगावे. परिचारिका भगिनींना आमची हात जोडून विनंती आहे की रागावू नका. तुमच्या एका कठोर शब्दाने पुढच्या दहा जणी गप्प बसतील.

विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. आपल्या वस्तीत ज्या ज्या गरोदर ताई-वहिनी आहेत, त्यांच्या कार्डावर पाळीची तारीख आणि प्रसूतीची तारीख लिहिलेली आहे का, ते पाहा. नसेल तर आशाताईंकडून लिहून घ्या. ४० आठवडे कधी पूर्ण होतात आणि ४१ कधी, या दोन तारखा घरच्या कॅलेंडरवर खूण करून द्या. तुम्हाला हिशेब येतो, तो त्या घराच्या उपयोगी पडू द्या. त्या आईजवळ अशी एक खूण केलेले कॅलेंडर असते, तर ती रात्र आली नसती.

त्या मुलीचे बाळ आता मोठे झाले आहे. आजी आम्हाला वाटेत भेटते तेव्हा थांबते. एकदा म्हणाली, "बाई, आता कोणी एरंडेलाचं नाव काढलं की मीच आधी ओरडते." आम्ही म्हणालो, "मावशी, ओरडू नका, समजावून सांगा." ती हसली. आम्हीही हसलो. दोघींनाही आपापली चूक आठवत होती.



नमो बुद्धाय. जयभीम.